घागरीच्या तळाचा तांबडा थर

माझं काम दगड घासायचं. शहाद्याजवळच्या एका कॉलेजात, भूशास्त्र विभागात, मी प्रयोगशाळा सहायक आहे. दगडाची चकती कापायची, एक बाजू गुळगुळीत करून काचपट्टीला चिकटवायची आणि दुसरी बाजू जाड काचेवर, भुकटी आणि पाणी घालून, गोल गोल घासत राहायचं. दगड केसापेक्षा पातळ झाला की त्यातून उजेड आरपार जातो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. मशीन आहे, पण ते बहुतेक वेळा बंदच असतं. शिवाय शेवटचा हात मशीनला जमत नाही. एक फेरा जास्त झाला तर दगड काचेवरून निघून जातो आणि आठवड्याचं काम पाण्यात जातं.

बावीस वर्षांत माझ्या बोटांचे ठसे पुसले गेले. हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही. मी चार वेळा लावते, यंत्र चार वेळा नाही म्हणतं, मग शिपाई हसत रजिस्टर पुढे करतो. "ताई, तुम्ही या कॉलेजात नाहीतच," असं तो रोज म्हणतो. रोज तोच विनोद.

जानेवारीत नवरा गेला. सकाळी शेतात बोअरची मोटार चालू करायला गेला आणि स्टार्टरच्या पेटीपाशीच पडला. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. अंगठा लावला, यंत्र नाही म्हणालं, शिपायानं रजिस्टर दिलं. त्या दिवशी तो काही बोलला नाही.

मला रडू आलं नाही. यात लपवण्यासारखं काही नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझा हात धरून "रडी ले वं बई, मोकळी होय" म्हणायच्या. मी हात सोडवून चहा ठेवायला उठायचे. त्यांना वाटायचं मी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. थंडीत नळाखाली हात धरल्यावर बोटं असून नसल्यासारखी होतात, तसं होतं ते. कामं सगळी होत होती.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या पंधरा दिवस रडल्या, मग थांबल्या आणि त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली: अखाजीची घागर. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. नवी कोरी मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, त्या घरात त्याची ती पहिली घागर. ती नीट भरली तर त्याची तहान भागते, नाहीतर तो तहानलेला फिरतो, असं आई मानतात. आणि आमच्या घरात ती शेतातल्या जुन्या विहिरीच्याच पाण्यानं भरतात. सासऱ्यांची तशीच भरली होती, त्यांच्या वडिलांचीही.

विहिरीला आम्ही हेर म्हणतो. बोअर झाल्यापासून त्या हेरीतून कुणी पाणी काढत नव्हतं. अखाजीपुरती एक बादली, बस. धाकट्या दिराला ती बुजवायची होती. पपईची नवी लागवड करायची होती आणि हेर बरोबर ठिबकच्या नळ्यांच्या आड येत होती. मुरूम कुठून आणायचा हेही त्यानं ठरवलं होतं. आईंनी त्याला अखाजीपर्यंत थांबवलं होतं.

होळी झाल्यावर एके सकाळी आई शेतातून चालत आल्या. ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हेरले रगत उनं."

दीर ट्रॅक्टरखाली आडवा होता. तिथूनच म्हणाला, "आई, ते रगत नही. जुना इंजिननं डिझेल शे."

"डिझेल लाल ऱ्हास का रे, शहाना?"

"मंग गंज व्हई."

"गंज आसा लोंबस का? बुळबुळीत? मी म्हतारी शे, आंधळी नही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जाय. तू देख. तू दगडमा पन काय काय देखस, हेरमा देख."

मी गेले. आमच्या हेरीच्या भिंतीतून दगडी पायऱ्या बाहेर आलेल्या आहेत, पाय ठेवण्यापुरत्या. पन्नाशीत त्या उतरणं शहाणपणाचं नाही, पण दोर कमरेला बांधला आणि त्याचं दुसरं टोक दिरानं धरलं. आई काठावर बसून सूचना देत होत्या. "डावा पाय! डावा! भाऊबंदमा तोंड दाखाडानं शे माले, पडू नको!"

खाली खरंच तांबडं होतं. पाण्यावर कापसासारखे नारिंगी पुंजके तरंगत होते, भिंतीच्या पाझरावर त्याच रंगाची शेवाळासारखी लाळ लोंबत होती. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग. मी काडीनं तवंग ढोसला. डिझेल असतं तर फाटून लगेच पुन्हा जुळलं असतं. हा फुटला, पापडासारखे कोनाकोनाचे तुकडे झाले आणि ते तसेच तरंगत राहिले. म्हणजे डिझेल नाही. आणि पाण्यात तिरका पडलेला दिसला तो लोखंडी पाइप, फूटव्हॉल्व्हसकट. जुनी मोटार काढताना नवऱ्याच्या हातून तो आत पडला होता. "उद्या काढतो" म्हणाला होता. पाच-सहा वर्षं झाली असतील.

मी जॅमच्या बाटलीत तो गाळ घेतला. चढताना एका जागी थांबले. भिंतीचं बांधकाम संपतं आणि पिवळी पोयटा माती उघडी होते, तिथं अंगठ्याएवढ्या जाडीचा एक तांबडा पट्टा आडवा गेलेला होता. हा लाळेसारखा नव्हता, दगडासारखा कडक होता. सवयीनं मी त्याचा एक तुकडा फोडला आणि ओढणीच्या टोकाला बांधला.

"काय करी ऱ्हायनी तठे?" आई वरून ओरडल्या.

"दगड ली ऱ्हायनू."

"हायी बई मरताना पन दगडच ली जाई," आई दिराला म्हणाल्या. मला सगळं ऐकू येत होतं. विहिरीत आवाज चांगला येतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. दिसल्या त्या नळ्या. बारीक, सरळ, पिवळट तपकिरी, एकमेकींवर पडलेल्या. शेवया वाळत घातल्यासारख्या. एका-दोन नळ्यांत शेंगेतल्या दाण्यांसारखे जीवाणू ओळीनं बसलेले होते. बाकी शेकड्यानं नळ्या रिकाम्या.

मी विभागातल्या सरांना बोलावलं. ते निवृत्तीला आलेले आहेत, घाईत कधीच नसतात. बराच वेळ पाहून म्हणाले, "लोखंडाचे जीवाणू. पाइप पडलाय का विहिरीत?"

"पडलाय."

"मग बरोबर. पाण्यात विरघळलेलं लोखंड असतं, ते दिसत नाही. हे जीवाणू स्वतःभोवती एक खोळ विणतात, तिच्यावर ते लोखंड गंज होऊन बसतं. खोळ जड झाली, कडक झाली की जीव आतून सरकून बाहेर पडतो."

"आणि मग?"

"मग काय. पुढे जातो, नवी विणतो. ही मागे राहते. तुम्ही तांबडं तांबडं म्हणताय ना, त्यातलं जिवंत फार थोडं आहे. सगळ्या खोळी आहेत."

मी बरं म्हटलं आणि काच धुतली.

भिंतीतल्या तुकड्याला वेळ लागला. तो वरून कडक पण आतून भुसभुशीत होता, घासायला घेतला असता तर पीठ झाला असता. त्याला आधी चिकट राळेत बुडवून ठेवावं लागलं, ती आतपर्यंत मुरून सुकू द्यावी लागली. मग घासणं. रोज कॉलेज सुटल्यावर अर्धा तास. घरी आई विचारायच्या, "काय निंघनं?" मी म्हणायचे, "अजून घासी ऱ्हायनू." त्या म्हणायच्या, "घास, घास. अखाजी काय तुन्हासाठे थांबाव नही."

गाळाचं मात्र मी त्यांना आधीच सांगितलं होतं. म्हटलं, आई, ते रगत नही शे. बारीक जीव शेतस, डोळाले दिसत नहीत. लोखंडवर जगतस.

"हेरमा लोखंड कोठेन उनं?"

"तो पाइप. पडेल शे तो."

आईंना पाइप कुणाच्या हातून पडला ते माहीत होतं. त्यांनी तांदळाचं ताट पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "म्हंजे त्यानाच हातनं शे."

मी होय म्हटलं.

"मंग रगतच व्हयनं ना ते," आई म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या. थोड्या वेळानं ताटातून मान वर न करता विचारलं, "त्याले आसं पानी देवानं का मी? लाल?"

तेव्हा मला कळलं की आईंना जीवाणूंचं काही पडलेलं नाही. मुलाची पहिली घागर आणि ती तांबड्या पाण्याची, हे त्यांना सोसत नव्हतं. आणि दुसऱ्या पाण्याची भरायची तर ती त्यांच्या लेखी घागरच नव्हती. बोअरचं पाणी भरू, असं दीर एकदा म्हणाला तेव्हा त्यांनी त्याला जेवताना उठवलं होतं.

मी ठरवलं, पाणी साफ करायचं. सोपं काम होतं. जीवाणू आहेत ना, मग मारायचे. अखाजीच्या दोन दिवस आधी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून पिण्याच्या पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर आणली. संध्याकाळी एकटी शेतात गेले, बादलीत पावडर कालवली, वरचं पाणी हेरीत ओतलं, दोर सोडून बादलीनं खळबळ केली. घरी येऊन हात साबणानं धुतले आणि स्वयंपाक केला. आईंना सांगितलं नाही. पाणी स्वच्छ झालेलं त्यांना आयतं दाखवायचं होतं.

सकाळी आई माझ्याआधी हेरीवर पोचल्या.

मी गेले तेव्हा त्या काठावर बसलेल्या होत्या. दीर शेजारी उभा होता आणि खाली पाहत होता. मीही पाहिलं. पुंजके गेले होते. तवंग गेला होता. आणि सगळं पाणी, वरपासून खालपर्यंत, विटेच्या रंगाचं झालं होतं. आधी पाण्यात तांबडं होतं, आता पाणीच तांबडं होतं.

"त्याले नको शे मन्ही घागर," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "रुसना तो. काय चुकनं मन्हं?"

मी त्या क्षणी खरं सांगितलं नसतं तर चाललं असतं, पण त्या स्वतःच्या चुका मोजायला लागल्या होत्या. दहाव्याला काय राहिलं, तेराव्याला कोण जेवलं नाही. म्हणून मी म्हणाले, "आई, मी पावडर टाकी काल."

"काय टाकी?"

"औषध. साफ व्हावासाठे."

आई उठून उभ्या राहिल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण हेरीच्या काठावरून अशी उठली की दिरानं पटकन त्यांचा दंड धरला.

"मन्हा पोरना पानीमा तू औषध टाकं? माले न इचारता? तुन्ही काय ती कालेजनी बाटली शे का?" मग दिराकडे वळून, "देख, देख तुन्ही शिकेल भाभी. रडता तर येत नही, पन औषध टाकता येस!"

"आई, जाऊ दे," दीर म्हणाला.

"काय जाऊ दे? तुले काय, तुले तं बुजानी शे!"

त्यानं आईंचा दंड सोडला. आई बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. मी ते ऐकलं, दोर गुंडाळून ठेवला आणि कॉलेजात गेले, कारण साडेदहाला प्रात्यक्षिक होतं.

सरांना झालेलं सांगितलं. ते कपाळाला हात लावून हसले, पण वाईट हसले नाहीत. "ताई, जीवाणू लोखंड हळूहळू गंजवत होते. तुम्ही एका रात्रीत सगळं गंजवलंत. जे विरघळलेलं होतं तेही बाहेर आलं. पावडरचं कामच ते."

"मग आता?"

"आता काही नाही. गंज जड असतो. हलवू नका, दोन-तीन दिवसांत खाली बसेल."

"उद्या अखाजी आहे."

"मग बसणार नाही," सर म्हणाले.

रसायनशास्त्र मला बारावीपर्यंतचं, पण एवढं मला कळायला हवं होतं. त्या दिवशी तुकड्याचे शेवटचे फेरे घासून झाले. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मातीचे बारीक कण, त्यांच्यामधे पिवळे, तपकिरी पट्टे, आणि पट्ट्यांत नळ्या. त्याच. तशाच सरळ, तशाच एकमेकींवर पडलेल्या, फक्त आता दगड झालेल्या. काहींच्या पोकळीत बाहेरचं लोखंड भरून बसलं होतं, काही अजून पोकळ होत्या. एकीतही जीव नाही.

सरांनी पाहिलं. "पूर्वी इथं पाणी साचून असणार. खोळी तळाला बसल्या, वरून नदीचा गाळ आला, दाबल्या गेल्या. पाइप नव्हता तेव्हाही लोखंड होतंच, मातीतलं."

"किती जुनं?"

"वय विचारू नका. तुमच्या हेरीपेक्षा जुनं, एवढं लिहा."

घरी गेले तेव्हा आई सांजोऱ्यांचं सारण भाजत होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मी कढई त्यांच्या हातातून घेतली, त्यांनी घेऊ दिली. दोघींनी मिळून सांजोऱ्या केल्या. त्या लाटत होत्या, मी भरून तळत होते. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "त्याच पानीनी भरसू."

"लाल शे, आई."

"शे ते शे. त्यानं पाडं, तू बिघाडं, मी भरसू. तिन्ही जननं पानी."

अखाजीच्या सकाळी दिरानं बादली सोडली. बादली आपटली तसा खाली बसायला लागलेला गाळ पुन्हा वर आला. आईंनी घागरीच्या तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं बांधलं आणि स्वतः पाणी ओतलं. फडकं तांबडं झालं. आत गेलेलं पाणीही तांबूसच होतं, पातळ चहासारखं. दुसरं फडकं बांधलं, तिसरं बांधलं. मग आई म्हणाल्या, बस. घागर घरी आणली, मांडली, वर छोटं मडकं, डांगर. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उमटवली, सासऱ्यांच्या नावानं, त्यांच्या वडिलांच्या नावानं. नवऱ्याचं बोट उमटवताना आईंनी माझं मनगट धरलं आणि माझा अंगठा कुंकवात बुडवून उंबऱ्यावर दाबला. ठसा गुळगुळीत आला, रेषा नसलेला. नुसता लाल ठिपका.

चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी, म्हणजे गेलेल्यांच्या नावाचा घास, टाकली, आमरस वाढला, सगळे जेवले. मीही जेवले. चव लागत होती की नाही ते आठवत नाही. दोनदा रस घेतला एवढं आठवतं.

आमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून ती घागर पिण्याच्या पाण्याला लागते. सकाळी मी दूध तापवत होते. आईंनी घागरीवरचं मडकं उतरवलं, आत पाहिलं आणि पाहतच राहिल्या. मग मला हाक मारली.

पाणी निवळलं होतं. घागरीचा तळ दिसत नव्हता, कारण तिथं पातळसा तांबडा गाळ बसला होता, पण त्याच्या वरचं पाणी असं स्वच्छ की आईंचा चेहरा त्यात दिसत होता.

"उना व्हता," आई म्हणाल्या. "पी गया."

रात्रभर घागर कुणी हलवली नव्हती. गंज जड असतो. पावडर पडलेली, त्यामुळे जे बसायचं ते सगळं एकदाच बसलं होतं. बसायला एक रात्र लागली, दोन-तीन दिवस नाही, कारण घागर हेरीएवढी खोल नसते. हे सगळं माझ्या डोक्यात ओळीनं आलं. मी ते बोलले नाही.

आईंनी ओगराळं हळूच आत सोडलं, गाळ न ढवळता, आणि पेला भरला. आधी स्वतः दोन घोट घेतले. मग पेला माझ्यापुढे धरला. "पे."

मी प्याले. लोखंडाची चव होती आणि मागून पावडरचा वास. थंड होतं. पेला रिकामा करून परत दिला. आईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना काय दिसायला हवं होतं ते मला माहीत होतं. ते तिथं नव्हतं. त्यांनी पेला घेतला आणि माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, घाईघाईत, भांडं पुसतात तसा.

दीर ओट्यावर दात घासत होता. आई बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "आते बुजी टाक."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"हेर. बुजी टाक. त्यानं पानी पीसन व्हयनं."

मुरमाच्या ट्रॉल्या पुढच्या आठवड्यात आल्या. दिराला आधी पाइप बाहेर काढायचा होता, चांगलं लोखंड आहे म्हणाला. आई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे. मीही म्हणाले, राहू दे. दोघींनी एकाच वेळी म्हटल्यावर त्यानं वाद घातला नाही. पाइप आतच राहिला. त्याच्यावर तांबडा गाळ, त्यावर मुरूम, त्यावर काळी माती. आता तिथं पपईची रोपं आहेत.

घागर अजून वापरात आहे. पाणी आता बोअरचं, जड, चुन्याचं. मी आठवड्याला भांडी काढते तेव्हा ती घागर नुसती विसळते, घासत नाही. आईंनीही कधी घास म्हटलं नाही. गाळ तळाला चिकटून सुकला, त्याचा तांबडा थर झाला. मे संपेपर्यंत त्याच्यावर चुन्याचा पांढरा थर धरू लागला होता.